बॉनेटवरचं तूप

भाजे गावच्या मावशींमुळे मी आज रंगारी आहे, हे आधी लिहितो. रागाचं नंतर.

मावशी लोणावळ्याजवळ कुसगावच्या एका बंगल्यात धुणीभांडी करायच्या. त्याच बंगल्याच्या गॅरेजात मी साहेबांच्या वडिलांची जुनी गाडी रंगवत होतो. आठवीत शाळा सोडून यवतमाळकडून इकडे आलो, सोमाटण्याच्या एका गॅरेजात सात वर्षं पत्रे घासले, तेव्हा कुठे तिथल्या मालकांनी एक आख्खी गाडी माझ्या एकट्याच्या हाती दिली. "बिघडवलीस तर पिशवी भर आणि गावाला जा," असं हसत म्हणाले. पण मालक हसत सांगितलेलंच खरं करतात.

पंधरा दिवस खड्ड्यांत पुटी भरली, घासली, रंगाखालचा प्रायमर मारला. गॅरेजला चारी बाजूंनी प्लास्टिक लावलं. लोणावळ्याची हवा ओली, म्हणून एक कोरडी दुपार धरली. आदल्या संध्याकाळी गाडी थिनरने पुसून साहेबांना हात जोडले, "आता कुणी हात लावू नका." दुपारी परत थिनर फिरवायला हवा होता. मी नुसती धूळ टिपली. तेवढी चूक माझी.

बॉनेटवर आकाशी रंगाचा पहिला हात मारला आणि डोळ्यांदेखत रंग मागे सरकायला लागला. ताटाएवढ्या गोलात बारीक खळगे, खाली करडा प्रायमर उघडा. बाकी सगळीकडे काचेसारखा रंग. पत्र्याला तेलकट काही असलं की असं होतं, हे मला माहीत होतं. पण पुसली मीच होती ना! पिशवीच दिसायला लागली मला.

साहेब आले. "हे काय? माझ्या गाडीला देवी आल्या की काय? आठवी शिकलेल्याच्या हातात वडिलांची गाडी दिली, माझंच चुकलं." बोलता बोलता त्यांनी मालकांना फोन लावलासुद्धा.

मागच्या दारातून मावशी आल्या, हात साबणाचे. "साहेब, त्याला कशाला बोलताय? सकाळी तुमीच न्हाई का बॉनेटवर सस्तिक काढलं? पाण्यातलं कुंकू वघळतं म्हणून माज्याकडून तूप मागून घेतलं. वर म्हणला, त्याला कळायच्या आत पुसून टाक. मी भांड्याच्या फडक्यानं पुसलं."

साहेब म्हणाले, "म्हणजे तू नीट पुसलं नाहीस."

"कढईचं तूप साबणाबिगर जात न्हाई साहेब, पत्र्याचं कसं जाईल?"

"उद्यापासून येऊ नकोस." तेवढ्यात मालकांनी फोन उचलला. साहेब एकदम गोड आवाजात, "काही नाही हो, कामवालीने घाण फडकं मारलं. तुमच्या माणसाची चूक नाही."

मी वाचलो. असा वाचलो.

शुभकार्याआधी देव आठवला, याचा मला राग नाही. आमच्याकडेही नांगराला कुंकू लावतात. पण ते लपवलं कशाला? आणि उघडं पडल्यावर, जिला पुसायला लावलं तिच्याच माथी मारलं! त्याहून मोठा राग माझा मला येतो. हातात रंगाची गन होती, तोंडावर मास्क. मास्क खाली ओढून "साहेब, चूक तुमची" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो नाही. फोनवर मालक ऐकत होते.

फाटकापर्यंत मात्र धावत गेलो. "मावशी, माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"लोणावळ्यात खरकटी भांडी कमी हायेत व्हय? लय बंगले पडल्यात. तुला मातर ही एकच कला येती. जा, हितं रडू नको."

बॉनेट पार पत्र्यापर्यंत घासून मी परत रंगवलं. आता त्यात तोंड दिसतं. साहेब येईल त्या पाहुण्याला सांगतात, "मी स्वतः उभं राहून करून घेतलं." मावशी आता दुसरीकडे कामाला जातात, दोन मैल जास्त चालून.

मावशी, साहेब गाडी पॉलिश करायला कधीतरी मलाच बोलावतील. त्या दिवशी आधी भाज्याला येईन, तुम्हाला सोबत घेईन आणि त्या बॉनेटपाशी उभा राहून तेव्हा गिळलेलं वाक्य साहेबांच्या तोंडावर बोलेन. मालक फोनवर असले तरी बोलेन.