अर्ध्यावर थांबलेलं छत

कापडी छताच्या नव्या गाडीचं अनावरण होतं. ते छत माझ्या धाकट्या बहिणीने, मीनलने, तयार केलं होतं, म्हणून मीही गेले होते. बटण दाबताच छत मागे सरकू लागलं आणि अर्ध्यावरच थांबलं. मीनलने माझं मनगट घट्ट धरलं.

"उघड गं बाई," ती पुटपुटली, रुसलेल्या लेकीला विनवावं तशी.

छताला एक हिसका बसला आणि ते घडी होत मागे गेलं. टाळ्या कडाडल्या. तो थांबा मुद्दामच ठेवला असावा, असं शेजारचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले. एकाच्या जिवाची घालमेल दुसऱ्याला किती सहज गंमत वाटते!

मीनल टाळ्या वाजवत नव्हती.

"ताई, जरा खाली बसते," ती म्हणाली, "माझ्या वाटच्या टाळ्या तू वाजव."