चौदा जणांचं टेबल

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे वन्संना, त्रेचाळीस वर्षांत मी कधी नीट जेवताना पाहिलं नाही. जेवत तर असणारच. पण कधी, कुठे, आणि आमचं उरकल्यावर पातेल्यात काय शिल्लक होतं, ते मला सांगता येणार नाही. आणि मी रोज रोजनिशी लिहिणारी बाई! गच्चीवरची टाकी कोणत्या दिवशी गळली, तेसुद्धा माझ्याकडे तारखेसह सापडेल.

वन्संनी लग्न केलं नाही. सार्वजनिक ग्रंथालयाच्या बांधणी विभागात एकतीस वर्षं त्यांनी फाटकी पुस्तकं शिवली. उंची चार फूट दहा इंच, जीभ मात्र सहा फुटी. त्यांच्या हाताखाली खळीचं काम करणाऱ्या मैत्रिणीला त्या ‘गोंदवाली’ म्हणत, आणि ती यांना ‘सुईबाई’. निवृत्त झाल्या तरी उजव्या तर्जनीवरचा सुईचा घट्टा गेला नाही. भावाच्या घरी, म्हणजे आमच्याकडे, मागच्या खोलीत त्या राहायच्या. सुट्टीत सगळे जमले की वाढायला त्याच. “तुम्ही बसा गं, माझं होतंय,” हे त्या इतक्या सहज म्हणायच्या की पुढे आम्ही ते ऐकेनासे झालो.

हे गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की एक धड जेवणघर करायचं. तोवर वर्षअखेरच्या सुट्टीत निम्मी माणसं स्वयंपाकघरात, निम्मी दिवाणखान्यात आणि नातवंडं जिन्यावर मांडीवर ताट घेऊन, असा सगळा पसारा असायचा. एका घासाला सगळे एकत्र बसलेत असं कधी झालंच नव्हतं. हे असेपर्यंत “पुढच्या वर्षी बघू” चाललं. ते गेल्यावर मला घाई झाली.

मधली भिंत पाडून अठरा फूट लांब, अकरा फूट रुंद खोली निघाली. किती जणांची सोय करायची, ते ठरवायला मी जुन्या रोजनिशा काढल्या. मोठ्या जेवणाच्या दिवशी किती जण बसले, कोण कोणाशेजारी, हे मी दरवर्षी लिहिते. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी लावलेली शिस्त. अकरा वर्षांत आकडा पंधराच्या वर गेलेला नव्हता, आणि आता हे नव्हते. मी, तीन मुलं, त्यांचे जोडीदार, पाच नातवंडं, दीर आणि जाऊ. चौदा. प्रत्येकी दोन फूट धरले तर दोन्ही बाजूंना सहा-सहा, टोकांना एकेक. टेबल बारा फुटी. खुर्ची मागे सरकवायला दोन्हीकडे तीन-तीन फूट. इतकं करून एका भिंतीलगत दीड फूट उरत होतं.

“तिथे कट्टा करा,” मी मिस्त्रींना म्हटलं. “भांडी ठेवायला. म्हणजे वाढणाऱ्याला स्वयंपाकघरात खेपा नकोत.”

मिस्त्री वयस्कर, कानावर पेन्सिल, मोजकं बोलणारे. त्यांनी कागदावर चौदा चौकोन काढले आणि दाराकडे पेन्सिल केली. वन्सं नुकत्याच तिथून चहाचे कप घेऊन आत गेल्या होत्या.

“आणि त्या बाई कुठे बसणार?”

“त्यांना बसायला वेळ कुठे असतो!” मी हसून म्हणाले.

मिस्त्री हसले नाहीत. पेन्सिल परत कानावर ठेवून त्यांनी टेप गुंडाळली. ते मी त्या दिवशी लिहिलं नाही, पण आज अक्षरशः आठवतं.

कट्टा वन्संच्या मापाचा हवा, ही माझीच कल्पना. आमच्या ओट्याशी त्यांना खांदे उचलून काम करावं लागायचं. मी त्यांना अनवाणी भिंतीशी उभं केलं, कोपरापर्यंतची उंची घेतली, गुडघ्याचीही घेतली, खाली पाय टेकायला फळी ठेवायची होती म्हणून.

“काय गं, सदरा शिवतेयस की काय मला?”

“बघालच तुम्ही.”

“पोटाचं माप राहिलं की! ते घे, तिथेच कापड जास्त लागेल.”

मला त्यांना चकित करायचं होतं. महिनाभर मी खोलीचं दार लावून ठेवलं. आत पॉलिशचा वास, बाहेर वन्संची गुणगुण. त्या दिवसांत त्या खिडकीशी बसून काहीतरी शिवत होत्या. निळं जाड कापड, कडेला पुस्तकाच्या पाठीला घालतात तसला दुहेरी टाका. मी विचारलं तर म्हणाल्या, “बघालच तुम्ही,” आणि डोळे मिचकावले.

सगळे आले तेव्हा मी दार उघडलं. जावेने तर टाळ्याच वाजवल्या. टेबलावर पांढरं कापड, चौदा ताटं, चौदा घड्या घातलेले रुमाल, प्रत्येकापुढे नावाची चिठ्ठी. मी सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं आणि म्हटलं, “आणि वन्सं, हा खास तुमच्यासाठी! तुमच्या मापाचा कट्टा.”

वन्सं दारात उभ्या होत्या. काखेत निळी उशी. बसायची उशी, मागे खुर्चीला बांधायला चार बंद असलेली. त्यांची नजर चिठ्ठ्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. बुटक्या माणसाला मोठ्या खुर्चीत बसायचं तर खाली उशी लागतेच. माप घेतलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

दोन पावलांत त्या माझ्या धाकट्या नातवापाशी पोचल्या. त्याला उचललं, उशी खुर्चीवर टाकली, बंद बांधले.

“याचं नाक टेबलाखाली जात होतं ना, म्हणून केली,” त्या म्हणाल्या. “हं, आता दिसतोस माणसासारखा.”

सगळे हसले. मीही हसले, हे लिहायला लाज वाटते. तेव्हाच उठून माझी खुर्ची त्यांना देता आली असती. मी पाणी प्यायले. त्या कट्ट्याशी गेल्या, डाव उचलला आणि म्हणाल्या, “उंची अगदी बरोबर आहे हो.”

पाहुणे गेल्यावर आठव्या दिवशी मी मिस्त्रींना बोलावून पंधरावी खुर्ची सांगितली. ते म्हणाले, “बाई, लाकूड मी तेव्हाच बाजूला ठेवलंय.” एका टोकाला दोघांनी थोडं दाटीवाटीने बसायचं, असं आम्ही ठरवलं. खुर्ची आली तशी मी वन्संना हाताला धरून आत नेलं.

“वन्सं, माझं चुकलं. मी रोजनिशीतून माणसं मोजली. बसलेलीच तेवढी लिहिते मी. तुम्ही कधी बसलाच नाहीत, म्हणून...”

“म्हणून मी नव्हतेच?”

मी खुर्चीच्या पाठीवरून पदर फिरवला.

“सहा दिवस शिवत होते ती उशी,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “गोंदवालीलासुद्धा सांगून बसले, की वहिनी मला खुर्ची करतेय. तिने विचारलं, झाली का. काय सांगू तिला? कट्टा झाला म्हणून?”

“मला माफ करा.”

“केलं असतं गं लगेच. पण मला चिडायची सवय नाही. पहिल्यांदाच चिडलेय, जरा वेळ लागेल.”

त्या वळल्या आणि चहा टाकायला गेल्या. मी टाकते म्हटलं तर म्हणाल्या, “तुझ्या चहाला चव नसते.”

पुढची सुट्टी आली, त्याच्या दोन दिवस आधी वन्संनी पिशवी भरली. गोंदवालीबरोबर तळ्याकाठच्या विश्रांतिगृहात चार दिवस. अडवायचा हक्क मला कुठे होता?

जेवणाच्या दिवशी थोरल्या मुलाने इकडेतिकडे पाहून विचारलं, “आत्या कुठेय?”

“फिरायला गेलीय.”

“ऐन सुट्टीत? मग वाढणार कोण?”

मी त्याला रागवणारच होते, पण त्याला हे शिकवलं कोणी? मीच. तेव्हा वाढलं मी. भात निवला, सुनेने लोणी शोधायला तीन खण उघडले, दिरांनी दोनदा मीठ मागितलं. सगळ्यांचं झाल्यावर कट्ट्याशी उभी राहून मी माझं ताट वाढून घेतलं, तेव्हा रस्सा संपला होता.

इतक्यात फोन आला.

“झाली का जेवणं?” वन्सं.

“होतायत. तुमचं?”

“आत्ता बसलोय. खिडकीशी जागा दिलीय. इथला पोऱ्या चारदा विचारून गेला, बाई अजून काय वाढू. गोंदवाली म्हणते, याला घरी घेऊन चल.”

मी हसले. “वन्सं, पुढच्या वर्षी असाल ना इथे?”

पलीकडे भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी बोलणं.

“खुर्ची छान झालीय गं तुझी,” त्या म्हणाल्या. “पण मला अजून तिचा राग येतो. गेला की सांगते. ठेवते आता, गरम वाढलंय.”