दादा, मी आणि लाल गाडी

माझ्याकडे एक स्पोर्ट्स कार आहे. तिचा वेग किती, हे धक्का मारायला माणसं किती मिळतात यावर अवलंबून असतं.

गाडी लाल आहे. दोन दारं, दोन सीटा, वर कापडी टप, आणि जमिनीपासून इतकी बुटकी की मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क नाक्यावर स्पीडब्रेकर आला की आधी तिचं पोट घासतं आणि मग माझं कंबरडं. ती मूळची विलायती. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तरुणपणी ज्या पारशी साहेबांकडे कामाला होता, त्यांनी मुंबई सोडताना ती दादाला देऊन टाकली. पुढे दादा कॅनडाला निघाला. विमानतळावर त्याने माझ्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाला, "महिन्यातून एकदा चालू कर. दोन वर्षांत येतोच आहे मी."

त्या दोन वर्षांना आता चौतीस वर्षं झाली. मधल्या काळात आम्ही गिरगावातून मीरा रोडला आलो, माझी नोकरी संपली, केस संपले, आणि आईही गेली. (दादा तिच्या दिवसांना आला होता. दहा दिवस. ते दहा दिवस गाडीचं नावही कुणी काढलं नाही.) पण त्यानंतर दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी काय म्हणते?"

"एकदम फर्स्ट क्लास!" मी सांगायचो.

गाडी चार वर्षांपासून ठार बंद होती. पण हे त्याला सांगायचं कसं? एकदा तो हट्टालाच पेटला. "आवाज ऐकव." मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला, सुनंदाला, खूण केली. तिने मिक्सर लावला. आत इडलीचं पीठ होतं.

दादा कान देऊन ऐकत राहिला. "जरा जड आवाज येतोय रे."

"तांदूळ जास्त भिजलेत," सुनंदा पुटपुटली.

आणि मग एका रविवारी दादा म्हणाला, "डिसेंबरात येतोय. पंधरा दिवस. आपण गाडी काढू. उत्तनला समुद्रावर जाऊ, दोघंच."

फोन ठेवला आणि मी सुनंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "आता तुमच्या दादाला मिक्सरवर बसवून न्या!"

जवळच हाटकेशला एका शेडमध्ये हिरामण मिस्त्रीचं गॅरेज आहे. हिरामण इथल्याच पेणकरपाड्याचा, सत्तरीचा. त्याच्या बापाने भात लावला, आजोबाने मीठ पिकवलं आणि हिरामण गाड्या खोलतो. गाडी टोचन करून तिथे नेली. त्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि अगदी हळू बंद केलं. एखादा पेशंट गेला की डॉक्टर चादर ओढतात ना, तसं.

"साहेब, ही गारी न्हाय. ही म्हातारी हाय. हिला औषीद नको, आराम पायजे."

"हिरामणदादा, माझा भाऊ येतोय हो. अकरा वर्षांनी येतोय."

हिरामण थोडा वेळ हात पुसत राहिला. "सक्खा?"

"सख्खा."

"मंग बघतो."

पार्ट मिळणं शक्यच नव्हतं. ज्या कारखान्यात ती बनली तो कारखानाच आता नाही म्हणे! मग हिरामणने जे मिळेल ते लावलं. क्लचची केबल रिक्षाची. हॉर्न रिक्षाचा. आरसा कुठल्याशा स्कूटरचा. एअर फिल्टरच्या झाकणाखाली बसेल अशी गोल रबरी रिंग काही केल्या सापडेना, तेव्हा मी घरी गेलो आणि गुपचूप घेऊन आलो. त्या रात्री सुनंदाने विचारलं, "अहो, कुकरची रिंग कुठे गेली?"

"कुठली रिंग?"

तीन दिवस पातेल्यात डाळ शिजली. चौथ्या दिवशी नवी रिंग आली आणि सुनंदाने ती कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवली.

दादा यायच्या आदल्या दिवशी गाडी चालू झाली! मी स्वतः ती हाटकेशहून सोसायटीत आणली. वाटेत हॉर्न वाजवला की लोक हात करायचे आणि वाकून विचारायचे, "स्टेशन?" एक बाई तर भाजीच्या पिशवीसकट आत बसायला निघाल्या होत्या. सोसायटीच्या गेटवर गाडी बंद पडली. तिथून आतपर्यंत सेक्रेटरी शहाभाई, वॉचमन पांडे आणि सकाळच्या योगा ग्रुपमधल्या चार बायकांनी ती ढकलली. "अच्छा है," शहाभाई धापा टाकत म्हणाले, "आज का आसन हो गया."

दादा आला. विमानतळाच्या दारातून ट्रॉली ढकलत एक म्हातारा बाहेर आला आणि मी त्याच्या मागे बघत राहिलो, दादा कुठे दिसतोय का. मग त्या म्हाताऱ्याने मला हाक मारली. फोनवर चेहरा दिसतो. माणूस चालतो कसा, ते दिसत नाही. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. एक पाऊल टाकलं की दुसऱ्याला विचारून टाकल्यासारखा चालत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गाडीत दोनच सीटा, म्हणून सुनंदा म्हणाली, "मी रिक्षाने पुढे जाते. म्हणजे घरातलं एक तरी माणूस समुद्रावर पोचेल."

स्टिअरिंगवर दादा. त्याला आत बसवायला मला आणि पांडेला पाच मिनिटं लागली. आधी पाठ, मग एक पाय, मग दुसरा. सोफा जिन्यातून नेताना कसं तिरकं करतात, तसं. मग मी बसलो. दादाने चोक ओढला, सेल्फ मारला, आणि ती म्हातारी चक्क पहिल्या झटक्यात सुरू झाली!

टप काढलेला होता. फ्लायओव्हर चढताना वारा लागला आणि दादा हसायला लागला. लहानपणी रविवारी सकाळी तो मला याच गाडीत बाजूला बसवून चौपाटीवरून न्यायचा. मी अकरा वर्षांचा, तो एकोणीसचा. माझा हात दाराबाहेर असायचा आणि तो ओरडायचा, "हात आत घे!" आता भाईंदरच्या फ्लायओव्हरवर मी मुद्दाम हात बाहेर काढला.

"हात आत घे!" दादा ओरडला.

मी घेतला. चौसष्टाव्या वर्षी.

भाईंदर पश्चिम मागे टाकून आम्ही उत्तनच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढरे ढीग, पाण्यात बगळे. आणि तिथे टक्कन आवाज झाला. दादाच्या डाव्या पायाखालचं पेडल खाली गेलं ते वर येईचना. क्लचची केबल तुटली होती. गाडी हळूहळू कडेला जाऊन उभी राहिली.

"उतर," दादा म्हणाला, "बघू या."

"तू उतर. मी आलोच."

"माझे गुडघे बाहेर यायला तयार नाहीत. तू उतर आधी."

मी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, आणि पाठीत अशी उसण भरली की मी तसाच अर्धा आत, अर्धा बाहेर! मोठ्या कष्टाने पाय पुन्हा आत घेतला. दार बंद केलं. आता परिस्थिती अशी, की उन्हात रस्त्याच्या कडेला एक लाल स्पोर्ट्स कार आणि तिच्यात दोन म्हातारे, दोघांनाही बाहेर येता येत नाही! कोळणींचा एक टेम्पो जवळून गेला. एकीने वाकून विचारलं, "ओ बाबा, शूटिंग हाय काय?"

"नाही हो!"

"मंग असं का बसलाव?"

याचं उत्तर द्यायच्या आत टेम्पो गेला. सुनंदाचा फोन आला. "मी पोचले. समुद्र छान आहे. भजी सांगू?"

"केबल तुटली. हिरामणला फोन करतो. तू परत ये. आणि ऐक, भजी घेऊन ये."

हिरामण टेम्पो घेऊन निघतो म्हणाला, पण वेळ लागणार होता. आम्ही बसून राहिलो. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून मिठागरांकडे बघत होता.

"विकून टाक रे ही," तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"मला तिथे आता गाडी चालवू देत नाहीत. डोळ्यांमुळे. वर्ष झालं. तुझा हिच्यावर जीव आहे म्हणून बोललो नाही."

"माझा जीव? दादा, मी तुझ्यासाठी ठेवली! मला तर तिचा रिव्हर्ससुद्धा धड पडत नाही!"

"मग दर रविवारी अर्धा अर्धा तास तिच्यावर बोलायचास ते?"

"तू विचारायचास म्हणून!"

दादाने आरसा उगीच सरळ केला. मग म्हणाला, "आई होती तोवर तिची चौकशी असायची. ती गेल्यावर मी तुला विचारायचो, कसा आहेस. तू म्हणायचास, बरा आहे. तू मला विचारायचास. मी म्हणायचो, बरा आहे. दीड मिनिटात फोन संपायचा. मग पुढचा आठवडाभर काय करायचं? एकदा गाडीचं विचारलं तर तू कार्बुरेटरवर वीस मिनिटं बोललास. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण आवाज ऐकू येत होता तुझा."

मला सांगण्यासारखं एकच होतं. तेच सांगितलं. "गाडी असली की तू येशील, असं वाटायचं."

"आलो ना."

"पंधरा दिवस."

"त्यातले तीन गेले," दादा म्हणाला, आणि दोघंही मिठाच्या ढिगांकडे बघायला लागलो, जणू ते मोजायचं काम आमच्याकडे होतं.

सुनंदा आली. तिने आणि रिक्षावाल्याने आम्हाला ओढून बघितलं. दादा तसूभर हलला नाही आणि मी इतका ओरडलो की बगळे उडाले. मग तिने उभ्याउभ्या, खाली वाकून, एकेक भजं आमच्या हातात दिलं. हिरामण आला. त्याने पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि निकाल दिला. "बसा तसंच. गारीसंगत नेतो."

दोर बांधला. पुढे हिरामणने आणलेला भाजीचा टेम्पो, त्याच्या मागे आम्ही, आमच्या मागे रिक्षात सुनंदा. अशी आमची मिरवणूक भाईंदरमधून निघाली. पोरं मोबाइल काढून धावत होती. कुणीतरी दादाला नमस्कार केला. दादाने हात उंचावून तो स्वीकारला! इंजिन बंद, वेग माणसाच्या चालीचा, पण स्टिअरिंग त्याच्या हातात होतं आणि तो वळणं अशी घेत होता, की जणू समोर चौपाटीच आहे. एकदा माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती वर्षांनी हिला चालवतोय रे."

टेम्पोचा धूर सरळ माझ्या तोंडावर येत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेचना. धूरच होता. (दादाही त्याच धुरात बसला होता, त्याला काही झालं नाही, हे मला मान्य आहे.)

सोसायटीच्या गेटवर सगळे जमले. शहाभाई, पांडे, योगा ग्रुपच्या त्याच चार बायका. पांडेने बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "पहले किसको निकालें?"

"मला काही घाई नाही," दादा म्हणाला आणि त्याने स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं.

हिरामणने दोर सोडता सोडता आमच्या दोघांच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, गाडी बघतो तसं, आणि म्हणाला, "जो जास्ती गलतंय, तो पयला काढाचा."

आठही जणांनी मला धरलं.