बहिणीची बॅरल

आधीच माफी मागतो. आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि रायफल तर मी कधी चालवलेलीही नाही. तरी लिहितो आहे, कारण एका बॅरलनं मला हिवाळाभर छळलं.

माझी धाकटी बहीण कोल्हापूरला नेमबाजी करते. तिच्या रायफलची बॅरल, म्हणजे नळी, जुनी झाली होती, एखादी गोळी उगाच भरकटायची, आणि निवड चाचणी तोंडावर आली होती. मी जर्मनीत स्टुटगार्टला मेकॅनिकल शिकतो, म्हणजे नवी बॅरल मीच पारखणार, असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं. परवाने आणि पाठवणं तिचा क्लब आणि इथला कारागीर बघणार होते. मी फक्त 'घ्या' किंवा 'नको' म्हणायचं.

हा कारागीर मागणीप्रमाणे बॅरल बनवतो. एस-बान, म्हणजे इथल्या लोकलच्या, शेवटच्या स्टेशनवरून पुढे बसनं त्याच्या गावात जावं लागतं. लांबी किती, जाडी किती, पोलाद कुठलं, हे तो मला विचारायचा, मी बहिणीला, ती तिच्या कोचना. फिरून उत्तर यायचं, दादा, तिकडचे लोक काय म्हणतात? अहो, तिकडचेच तर विचारत होते. आमचे वडील, आप्पा, सूतगिरणीत आहेत, ते रोज फोनवर एकच सांगायचे, चांगली बघून घे. जणू मी कलिंगडं वाजवून बघत होतो.

बॅरल तयार झाली तेव्हा गेलो. आतून आरशासारखी चकचकीत, मोजमापाचा कागदही बिनचूक. पण बहिणीनं बजावलं होतं, चकाकीला भुलू नकोस, शिसं ढकलून बघ. आत घट्ट बसणारी शिशाची गोळी सळईनं हळूहळू ढकलायची. हाताला शेवटपर्यंत सारखा जोर लागला पाहिजे, तोंडापाशी किंचित जास्त. माझी गोळी मध्यापर्यंत नीट गेली आणि सळई एकदम पुढे घसरली. नवी गोळी घेतली. पुन्हा तिथंच.

कारागीर म्हणाला, आल्झो, हे बघा, सगळं मर्यादेत आहे. आणि वर, तुमची बहीण नेम डोळ्यानं धरते की सळईनं? मला त्याच्यासमोर नाही म्हणवेना. बाहेर येऊन तिला फोन लावला.

"मध्ये जरा सैल वाटली," मी म्हणालो.

"वाटली, का आहे?"

"कागदावर तर सगळं..."

"दादा, कागद जोडू काय रायफलला? हात तुझा आहे. सांग."

"आहे. सैल आहे."

"मग नको म्हण की."

"दुसरी वेळेत नाही आली तर?"

"ते मग बघू. सैल आहे हे कळल्यावर प्रत्येक गोळीला मला तेच आठवणार."

आत जाऊन 'नको' म्हणालो. इतकं ठाम मी जर्मनमध्ये त्याआधी काही बोललो नव्हतो. त्यानं बॅरल उचलली आणि आता तुमचा नंबर सगळ्यांच्या मागे, असं सांगितलं. मग त्याचं यंत्र बिघडलं. मग त्याची सुट्टी आली. मी विचारलं की एका ओळीचं उत्तर, काम चालू आहे. आप्पांनी विचारलं, जर्मनीतबी खराब माल असतोय होय? त्यांना काय सांगू? नाकारलेली बॅरल खराब होती की माझा हात, या विचारानं माझाच जीव अर्धा झाला होता.

दुसरी बॅरल आली. शिसं तोंडापर्यंत सारखं सरकलं, शेवटी जरासं अडलं. मी 'घ्या' म्हणालो. ती निघाली, आणि मुंबईच्या कस्टममध्ये जाऊन बसली. चाचणीचा दिवस आला आणि गेला. बहिणीचा फोन बंद, आप्पांनाही काही माहीत नाही. माझ्या एका 'नको'नं तिचं वर्ष गेलं, असं धरून मी लेक्चरला बसलो होतो. तेवढ्यात तिचा निरोप आला.

"दादा, झालं सिलेक्शन. जुन्या बॅरलवरच. नवी येऊ दे आता सावकाश. आणि आप्पा विचारायलेत, ती तरी नीट बघून घेतलीस नव्हं?"