रिकाम्या मनगटाची परीक्षा

आमच्या वर्गात सगळ्या पोरीसोरी, झोर्नित्सा तेवढी चाळिशीची. शिवणाचा कारखाना बंद पडला आणि ही बाई विद्यापीठात नर्सिंग शिकायला आली. सासू म्हणाली, "उतारवयात ही काय थेरं!" पण ती अंथरूण बदलताना रोग्याशी अशा गप्पा मारते, की चादर कधी बदलली ते त्याला कळतही नाही.

मागच्या वर्षी प्रात्यक्षिकात नापास होऊन ती आमच्यात आली. परीक्षा होती एक मार्चला. त्या दिवशी आम्ही एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतो, मार्तेनित्सा. वर्षभर तब्येत राहावी म्हणून. नको म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. पण वॉर्डात मनगट उघडंच हवं, दोऱ्यात जंतू राहतात. वॉर्डातल्या एका आजोबांनी बांधला, हिला नको म्हणवेना. परीक्षा घेणाऱ्या गांचेवाबाईंनी तिथल्या तिथे बाहेर काढलं.

यंदा पुन्हा एक मार्च, पुन्हा गांचेवाबाई. नापास झाली तर नावच कमी होणार होतं.

मी बजावलं, "आज आंधळी हो, बहिरी हो."

"मग नर्स कशाला होऊ?" ती म्हणाली.

तिच्या वाट्याला आल्या नेडाआजी. त्यांना भेटायला कुणीच येत नसे. म्हातारीनं स्वतःच्या मोज्यातली लाल लोकर उसवून, बँडेजचे पांढरे धागे ओढून दोरा वळला होता.

"हात दे गं पोरी."

गांचेवाबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या. झोर्नित्सानं हात मागे घेतला. आजीचं तोंड एवढंसं झालं. मग हिनं बूट-मोजा काढला आणि पाय स्टुलावर ठेवला.

"इथे बांध, आजी."

"पायात? पायात कोकरांना बांधतात!"

"मग काय झालं? सासू तर मला म्हैस म्हणते."

आजी खुदकन हसली आणि घट्ट गाठ मारली. झोर्नित्सानं बूट चढवला, इंजेक्शनच्या ट्रेकडे हात नेला. बुटाला लागलेला तोच हात! पण ती थांबली, बेसिनपाशी गेली, कोपरापर्यंत सावकाश हात धुतले आणि मगच सुई उचलली.

"पास," गांचेवाबाई म्हणाल्या. मला रडूच फुटलं.

"अहो मोठ्या बाई," आजीनं हाक मारली, "तुमच्यासाठी पण वळलाय."

आम्ही माना खाली घातल्या. गांचेवाबाईंनी स्टूल ओढलं, बूट काढला, मोजा खाली सरकवला. घोट्याला एक मार्तेनित्सा होतीच.

"बाई!" झोर्नित्सा ओरडलीच. "मागच्या वर्षी एवढं सांगितलं असतं तर?"

"मागच्या वर्षी मला तरी कुठे सुचलं होतं? तुला बाहेर काढून घरी गेले, तर लेक दोरा घेऊन दारात उभी. मला हात पुढे करवेना गं. मग पाय पुढे केला."

आणि त्या दुसरा बूट काढायला वाकल्या.