सैल दोर

नळांचं दुकान असलेल्या माणसाने नळ विकावेत, फार तर लोकांच्या घरची गळती थांबवावी. पण काकूंच्या नवऱ्याला चाळिशी उलटल्यावर घोड्याचं वेड लागलं. मैदानात दोन फेऱ्या मारून घरी येतात, तसलं साधंसुधं वेड नव्हे. त्याला हवा लांब पल्ला. पहाटे निघायचं, डोंगर, ओढे आणि माळ तुडवत शंभर किलोमीटर जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. एकदाही जमेना, तेव्हा त्याने अशा दौडी भरवायलाच सुरुवात केली. नाचता येत नाही ना, मग निदान अंगण तरी आपल्या मालकीचं असू दे! स्वार त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की सरसेनापती. काकूंना ते माहीत होतं, आणि त्यांना त्यात अतिशयोक्ती एवढीच वाटे की सेनापतीला निदान सेना असते.

भरवायचा तो आणि राबायचं काकूंनी. काकू शिवणकाम करत. महिनाभर आधीपासून त्या उरलेल्या नारिंगी कापडाच्या पट्ट्या कापत बसायच्या. मग स्कूटरवरून, आणि स्कूटर जात नाही तिथे पायी, सगळ्या वाटेवर त्या पट्ट्या झाडांना बांधायच्या. पाण्याची पिंपं भरून ठेवायची, शाळेच्या मैदानावर तपासणीची जागा चुन्याने आखायची, घोड्यांचे डॉक्टर मुक्कामाला यायचे त्यांचं अंथरूण-पांघरूण, चहापाणी बघायचं. तेवढ्या वेळात सरसेनापती जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्यात टाचण्या टोचायचा. याला तो नियोजन म्हणे. एका वर्षी त्याने नकाशात बघून स्वतः रस्ता ठरवला आणि सगळ्या स्वारांना खाणीच्या काटेरी कुंपणावर नेऊन आदळलं. कुंपणच चुकीच्या जागी आहे, असं त्याचं आजही म्हणणं आहे.

या दौडीत पहिलं येण्यापेक्षा घोडं धड परत आणण्याला किंमत. प्रत्येक टप्प्यानंतर डॉक्टर घोड्याच्या छातीचे ठोके मोजतात, हिरड्या बघतात, आणि मग कुणीतरी दोराला धरून घोडं पळवून दाखवायचं असतं, मैदानाच्या टोकाच्या पिंपापर्यंत आणि परत. ते लंगडतंय का, हे डॉक्टर बघतात. शेवटची रेषा ओलांडल्यावरही ही तपासणी सुटत नाही. तिथे लंगडलं की दौड पुरी झाली असं धरतच नाहीत. आणि पळवताना दोर सैल ठेवायचा. दुखरा पाय जमिनीला लागला की घोडं मान वर टाकतं, ती दिसली पाहिजे. दोर आखूड धरून मान डांबली की लबाडी खपते. हा नियम सरसेनापती दरवर्षी सकाळी ध्वनिक्षेपकावरून घसा खाकरून वाचायचा, जणू स्वतःच शोधून काढलाय.

तो दुसरीकडच्या दौडींत उतरे तेव्हा त्याच्या घोडीला पळवून दाखवायचं कामही काकूंकडेच. पहिल्या वर्षी त्याने स्वतः पळून बघितलं होतं. उंच बूट, पुढे पोट, मागे घोडी. पिंपाला वळसा घालताना तो असा काही आपटला की डॉक्टरांनी घोडीच्या आधी त्याचेच ठोके मोजले. तेव्हापासून काकू पदर खोचून, पायात कापडी बूट घालून धावू लागल्या. वय वाढत गेलं तशी धाप लागे, पण घोडी काकूंच्या बरोबर जितकी सरळ पळे तितकी कुणाबरोबर पळत नसे.

खरं तर घोडी घरात आली तेव्हा काकू तिला सवत म्हणायच्या. परसातली कपडे वाळत घालायची जागा हिने खाल्ली, दुपारची झोप हिने खाल्ली. पण सवतीचं सगळं करायचं कुणी? नवरा खरारा करायचा तो फक्त फोटोपुरता. खूर उचलून खडे काढणं, रात्रीचं पाणी, ताप आला तर उशाशी बसणं, सगळं काकूंकडे. हळूहळू शिवणयंत्र थांबलं की घोडी खिडकीशी येऊन फुरफुरायला लागली. काकूही तिच्याशी बोलायला लागल्या. घरात ऐकणारं तेवढंच एक होतं.

त्या वर्षी सरसेनापतीने इरेला पेटून आपल्याच दौडीत नाव घातलं. कारण पुढल्या महिन्यात दुसरीकडे एक दिवस-रात्रीची दौड होती, आणि शंभर पुरे केल्याशिवाय तिथे घेत नव्हते. नवे बूट त्याने आधीच आणून ठेवले होते. घोडीचं वय झालंय, तिला दिवस-रात्र झेपायची नाही, असं काकूंनी दोनदा सांगून बघितलं. तुला यातलं काय कळतं, असं त्याने दोन्ही वेळा विचारलं. शंभर पुरे होणार नाहीतच, या भरवशावर काकू गप्प राहिल्या.

आणि नेमकं उलटंच झालं. घोडीने त्याला आणलं. त्याने आणलं नाही, घोडीने आणलं. सगळ्या टप्प्यांत ती पास झाली. मागे कुणी नाही, पुढचे केव्हाच पोहोचलेले, वेळ हाताशी भरपूर. शहाण्या माणसाने तिला चालवत आणली असती. पण मैदानाच्या तोंडाशी माणसं उभी होती, कॅमेरे होते. मग काय विचारता! शेवटच्या खडीच्या रस्त्यावर टाच मारून त्याने तिला भरधाव काढलं आणि हात उंचावून रेषा ओलांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकूंनी खोगीर उतरवलं, पाणी मारलं आणि तिचे पाय वरून खाली चाचपले. उजव्या पुढच्या पायाला, गुडघ्याखाली मागच्या बाजूला, हाताला चटका बसेल इतकं गरम लागलं. घोडीने पाय काढून घेतला. काकूंनी वर बघितलं. नवऱ्यानेही ते बघितलं होतं.

तो वाकून कानाशी म्हणाला, "दोर आखूड धर. दोन मिनिटांचं काम आहे. मग विश्रांतीच आहे तिला."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"ते पुढच्या महिन्यात बघू."

डॉक्टर सकाळपासून उन्हात उभे राहून पार पेंगुळले होते. त्यांनी ठोके मोजले, हिरडी बघितली आणि काकूंना, चला, एवढं उरकून टाकू, असं सांगितलं. काकूंनी दोर घोडीच्या हनुवटीशी घट्ट आवळला आणि धावायला लागल्या. वर्षानुवर्षं नवऱ्याचं ऐकायची सवय, हात आपोआपच आवळले. लांबून घोडी ठीक दिसत होती. डॉक्टरांनी मानही डोलावली. पण दुखरा पाय टेकला की काकूंच्या मुठीला हिसका बसत होता. पाऊल, हिसका. पाऊल, हिसका. बाकी कुणाला कळत नव्हतं, फक्त काकूंच्या तळहाताला कळत होतं. आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. नवऱ्याची तर रोजच येत असे, ही नवी होती.

पिंपाला वळसा घालताना त्यांनी मूठ उघडली. दोर हातभर सैल सोडला.

परत येताना घोडी दर दुखऱ्या पावलाला मान वर टाकत आली. आंधळ्यालाही दिसलं असतं. डॉक्टर खडबडून जागे झाले, त्यांनी एकदा सरसेनापतीकडे बघितलं, एकदा घोडीकडे, आणि नाइलाजाने मान हलवली. घोडी बाद. सरसेनापतीचा चेहरा पांढराफटक पडला. तो काकूंकडे असा बघत होता की काकूंनी दोर दुसऱ्या हातात घेऊन पाय रोवले. आता चारचौघांत काय व्हायचं ते होऊ दे, असंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

पण त्याने जाऊन ध्वनिक्षेपक हातात घेतला. निकाल तोच सांगायचा ना दरवर्षी. घसा खाकरला आणि म्हणाला, "माझ्या घोडीचा पाय दुखावल्याचं माझ्या लक्षात आलं. मीच सौभाग्यवतींना सांगितलं, दोर सैल सोड. मला दौड पुरी करायची नाही, मला घोडी प्यारी आहे. यंदा तिला पूर्ण विश्रांती."

काय टाळ्या पडल्या! भरधाव आला होता तेव्हा पडल्या त्याच्या दुप्पट. म्हाताऱ्या स्वारांनी डोळे पुसले. डॉक्टरांनी येऊन मिठी मारली, आणि खिलाडूपणाची ढाल, जी दुसऱ्याच कुणाला द्यायची होती, ती त्याला दिली. काकू घोडीशेजारी उभ्या राहून बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या मनाने काही केलं होतं, आणि पुरती दहा मिनिटंही ते त्यांचं राहिलं नाही. निर्लज्जपणालाही काही अंगभूत हुशारी लागते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी परसात काकू घोडीचा पाय बादलीत धरून गार पाणी सोडत होत्या. सरसेनापती ढाल घेऊन बाहेर आला. बसायला काही सापडेना म्हणून पालथ्या पिंपावर बसला. बराच वेळ त्याने ढालीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

मग खाली बघत म्हणाला, "मी म्हणालो होतो ना गं तुला, सैल सोड म्हणून?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. नवे बूट, वाढलेलं पोट, मांडीवर ढाल. खरं बोलायचं तर शब्द ओठावरच होता, आणि तो बोलून टाकण्यात सुखही मोठं होतं. घोडीने बादलीत पाय हलवला.

"म्हणाला होतात," काकू म्हणाल्या. "आणि यंदा तिच्यावर खोगीर चढवायचं नाही, असंही म्हणाला होतात. सगळ्या मैदानाने ऐकलंय."

"हो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "म्हणालो होतो."

तो ढाल घेऊन आत गेला. भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज आला. काकूंनी बादलीतलं कोमट पाणी ओतून दिलं आणि नळ पुन्हा सोडला. त्याच्याच दुकानातला नळ, बसवल्यापासून गळत होता.