भागिरथीची खरी हनुवटी

भागिरथीची हनुवटी म्हणजे कारंजा गावच्या बाजारात कोणीही हात लावावा अशी वस्तू. माळ्याच्या चंपतची ही पोर काकड्या विकायची. बाकीच्या बाया गिऱ्हाइकासमोर काकडीचा तुकडा दातानं तोडून दाखवत, "पाह्य बाई, कडू नाही." भागिरथीचा खालचा जबडा एवढा पुढं, की दातावर दात बसतच नसे. ती विळ्यानं चकती कापायची. मग शेजारची मनकर्णाबाई तिची हनुवटी चिमटीत धरून लाडानं विचारायची, "काहून वं, दात घरी इसरून आली का?" त्या चिमटीचा लसणाचा वास संध्याकाळपर्यंत जात नसे.

अठ्ठ्याहत्तर साली नागपूरचा डॉक्टर जबड्याच्या ऑपरेशनला तयार झाला. आधी बाजूनं काढलेला, चेहऱ्याएवढा फोटो हवा. तो कापून, त्यातला जबड्याचा तुकडा मागं सरकवून किती हाड काढायचं ते ठरणार होतं.

"परदेशात हे कंप्युटरवर करून पाहतात म्हणे. आपल्याकडे कात्री आहे," डॉक्टर म्हणाला.

फोटो कारंज्याच्या स्टुडिओवाल्या हुकूमचंदनं काढला. डॉक्टरनं तो तिच्या तोंडाशेजारी धरला. "ही कोण?"

फोटोतल्या बाईला लिंबाएवढी गोंडस हनुवटी होती.

"बापा!" चंपत खूश. "फोटोतच झालं की वो आपरेशन!"

"यावरून कापलं तर जबडा भलतीकडेच बसेल. शुक्रवारपर्यंत खरा आणा, नाहीतर नंबर दुसऱ्याला देतो."

भागिरथी एसटीतून उतरली ती थेट स्टुडिओत. हुकूमचंद सुपारी चघळत आला. बोटांना फोटो धुण्याच्या औषधाचा आंबूस वास. तीच बोटं हनुवटीकडे निघाली.

"अवं बेटी, निगेटिव्हवर शाई लावून जास्तीचं झाकलं. कोणाचे देवीचे वण, कोणाचं टक्कल, सगळ्याइचंच झाकतो. कोण्या बाईनं मले आजवर बदसूरत फोटो मांगला नाही!"

"हात मांगं घ्या, शेठजी. मी मांगून राह्यली. पुसा ते."

"माह्या दुकानाचं नाव जाईन!"

"माहा नंबर जाईन."

नाली साफ करायला सांगितल्यासारखं तोंड करून त्यानं ओल्या कापसानं शाई पुसली. अंधाऱ्या खोलीतून ओला फोटो कोपऱ्याला धरून, लटकवत आणला. "शी!" मागं दुकानाचा शिक्का काही मारला नाही.

शुक्रवारी डॉक्टरनं तो फोटो कापला.

पुढल्या हंगामात मनकर्णाबाईचा हात सवयीनं पुढं आला. "पाहू वं, कशी झाली?"

भागिरथीनं दातानं कचकन काकडी तोडली, सावकाश चावली, आणि चोथा त्याच तळहातावर थुंकला.

"कडू हाय, मावशी."